साडेतीन किलो तांदूळ

४ मार्च

कॉफीची बरणी जिंकली, मी हरले. दहा मिनिटं झटापट! शेवटी हे उठले, एका झटक्यात झाकण काढलं आणि वर म्हणतात, "तू सैल करून ठेवलं होतंस म्हणून निघालं." खोटारडे! पण बरं वाटलं.

खरं दुखणं बरणीचं नाहीच. दुपारी सून फोनवर तिच्या आईशी बोलत होती, दार उघडंच. "सासूबाई प्रेमळ आहेत गं, पण बाळ त्यांच्या हातात द्यायची भीती वाटते. कालच कप सुटला." त्यात खोटं काय आहे? सुटलाच कप. संधिवाताने बोटांच्या गाठी झाल्यात, सकाळी मूठसुद्धा वळत नाही. दोन महिन्यांनी घरात नातवंड येणार आणि मी पाहुणीसारखं लांबून बघायचं? रडले थोडी. मग भांडी पुसली.

६ मार्च

दवाखान्यात हातांचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना स्पष्ट सांगितलं — मला बाळ धरता येईल असे हात करून द्या! त्या हसल्या. "आजी, नवे हात नाही देता येत. युक्त्या देते." आणि टेबलावर दुकानच मांडलं. झाकणांसाठी रबरी चकती. जाड मुठीची सुरी. बटण काजातून ओढून घ्यायला तारेचा फास. खाली पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा.

बाळाबद्दल मात्र एकच — "बोटांनी उचलायचंच नाही. कोपरापर्यंतचा हात खाली सरकवायचा, छातीशी घ्यायचं, मग उठायचं. आधी तांदळाच्या पिशवीवर सराव करा."

८ मार्च

चिमटा घरात आला आणि हे पाच वर्षांचे झाले! सोफ्यावरून न उठता पेपर, चष्मा, रिमोट... माझी शालसुद्धा ओढली. "अहो, तो माझ्या सांध्यांसाठी आहे!" "माझ्या आळसालाही लागू पडतोय."

पण संध्याकाळी आपणहून पाना घेऊन बसले. पस्तीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले, आमचा मात्र कायम गळका. आज स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात लांब दांड्यांचे नळ बसवले. मनगटाने ढकललं की पाणी! मी सहा वेळा सुरू-बंद केला. माझं बघून यांनी सातव्यांदा केला.

११ मार्च

सराव सुरू. साडेतीन किलो तांदूळ, कापडी पिशवी, वर जुना टॉवेल. सून कामाला गेली की दार लोटून घ्यायचं. पहिल्यांदा पडला. दुसऱ्यांदाही पडला. तिसऱ्यांदा उचलला, पण उलटा!

१९ मार्च

आता पडत नाही. नाव ठेवलंय — ठोंब्या. रडत नाही, भिजवत नाही, गुणाचं पोर. त्याला झबलंही घालते. फासाने तीन बटणं लावायला आज सात मिनिटं लागली. काल अकरा लागली होती.

२७ मार्च

ठोंब्या शिजला!!

बाजारातून आले तर स्वयंपाकघरात वाफच वाफ. हे ऐटीत म्हणतात, "डब्यातले तांदूळ संपले होते. तुझ्या कपाटात सापडले, टॉवेलात गुंडाळलेले. लपवून कशाला ठेवतेस?" माझ्या तोंडून निघून गेलं — "अहो, नातू होता तो!" आणि मागे दारात सून!

झालं. सगळं सांगावं लागलं. पिशवी, टॉवेल, झबलं, सगळं. वाटलं, हसेल. नाही हसली. खाली मान घालून म्हणाली, "आई, माझं फोनवरचं ऐकलंत ना तुम्ही?" म्हटलं, "बोटं गेली गं, कान शाबूत आहेत." इतकी ओशाळली की मलाच कसंतरी झालं. तेवढ्यात हे — "भात मात्र छान मोकळा झालाय." तेव्हा कुठे दोघी हसलो.

पण 'बाळ तुमच्याकडे देईन' असं काही ती म्हणाली नाही.

२८ मार्च

नवा ठोंब्या. चार किलो. यांना सक्त ताकीद दिली आहे.

१६ एप्रिल

विहीणबाई येऊन गेल्या. शाळेत व्हॉलीबॉल शिकवायच्या. पंजे असे की बरणीने घाबरून आपणच उघडावं. "बाळंतपणाला मी महिनाभर राहणार आहे, तुम्ही नुसता आराम करा!" आराम — डोंबल! तोंडाने 'हो हो' म्हटलं. घोडामैदान जवळच आहे.

९ मे

मुलगी!!! तीन किलो शंभर ग्रॅम. ठोंब्यापेक्षा हलकी आणि हजार पटीने वळवळी!

सगळ्यांनी घेतली. विहीणबाईंनी तर एका हातावर. मग सून म्हणाली, "आई, तुम्ही आधी बसा. उशी घ्या." बसले. हात खाली सरकवला, छातीशी घेतली. काय तो वास! पण सुनेने आपले दोन्ही हात खाली धरूनच ठेवले, झेलायला. मिनिटभराने परत घेतली.

विश्वास काही एका दिवसात बसत नाही, हे मलाही कळतं. तरी लागलं.

२४ मे

लंगोट वाळत घातले. तेवढंच माझ्याकडे असतं. त्या लांब चिमट्याने घातले, एकही पडला नाही. पण शाबासकी कोण देणार? हे झोपले होते.

११ जून

विहीणबाई परवा गेल्या. आज सकाळी सून माझ्या दारात — उजवं मनगट सुजलेलं, अंगठा हलत नाही. डॉक्टर म्हणाले, बाळाला सारखं उचलून नव्या आयांचं होतं असं. आत पोरगी रडत होती.

"आई, मला उचलता येत नाहीये तिला. तुम्ही कसं घेता, ते शिकवाल?"

घेतली. उठले. सून समोर बसली होती, हात स्वतःच्या मांडीवर. ती फक्त माझे कोपर बघत होती.