बिडाच्या पंपासह माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी, वामनराव नत्थूजी हेडाऊ, वय चौसष्ट, पूर्वी गिरणीत फिटर, हल्ली निवृत्त, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, छाती मात्र नाही, आणि डॉक्टरांच्या बोलण्यावरून ती आता ठिकाणावर येणारही नाही. हे लिहिण्यास मला कोणी भरीस पाडलेले नाही. उलट माझी पत्नी सौ. मीराबाई ही सकाळपासून "ते कागद बाजूले ठेवा न जेवून घ्या" असे म्हणून राहिली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. तांडापेठेतील राहते घर, अंगणासह, आणि बँकेत व पोस्टात माझ्या नावे जे काही असेल ते, सर्व सौ. मीराबाईचे. तिने घर विकावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून रामटेकला भावाकडे राहायला जावे. त्यात कोणी बोलू नये. भाऊ तिला ठेवून घेईल. माझे नाव निघाले की मात्र तो उठून आत जातो. त्याचे कारण कलम ३ मध्ये आहे.

२. वडिलांचा हातमाग माझी बहीण वच्छलाबाई हिला, उमरेडला. तिच्या घरी अजून लुगडी विणली जातात. मी माग सोडून गिरणीत लागलो तेव्हा तिने माझ्याशी बोलणे टाकले, ते आजही जेवढ्यास तेवढेच आहे. माग न्यायला आल्यावर तरी तिने घटकाभर बसून चहा घ्यावा.

३. माझी मोटारसायकल. या कलमात मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तोंडाने सांगून थकलो.

ही एका सिलिंडरची जुनी विलायती गाडी मी १९५९ साली कामठीला लष्कराच्या लिलावात घेतली. या इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत असते. दातेरी चाकांचा एक पंप ते तेल इंजिनात ढकलतो आणि तोच ते परत टाकीत आणतो. जुन्या पंपाचे अंग हलक्या ओतीव धातूचे होते. वर्षानुवर्षे तापून ते वाकडे झाले होते. थंडीत ठीक चाले, पण नागपूरच्या उन्हात तेल पाण्यासारखे पातळ झाले की ते पंपातच निसटे आणि इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो त्या क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचत नसे. कोरडे बेअरिंग जळते आणि इंजिन जाम होते. माझे दोनदा जळले.

रुपराव हा माझा लहानपणचा मित्र. त्याचे गॅरेज नागपुरातच, सदरला आहे. त्याचा एकच इलाज: "तेल जाड टाक." मी म्हटले, पंप बदलू. तो हसला. "कंपनीवाले काय येडे होते का गा? एवढी इंजिनं खोलून राहिलो मी, अन् तू मले पंप शिकवतं?"

मी गिरणीतल्या लेथवर, साहेबांची परवानगी घेऊन, बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, नवे अंग तयार केले. आतली चाके जास्त रुंद केली, आणि तेल परत आणणारी बाजू त्याहूनही रुंद, नाहीतर तेल खालीच साचून राहते. पहिला पंप अडकला, दुसरा गळला, तिसरा बसला. टाकीचे झाकण उघडून पाहिले तर परतीच्या तेलाचे पूर्वी जिथे थेंब पडत तिथे धार पडत होती. मी मीराबाईला अंगणात बोलावून ती धार दाखवली. ती म्हणाली, "तेलच तर आहे." पण ती थांबून पाहत होती.

१९६८ च्या उन्हाळ्यात गिरणीने मला यंत्रे बसवायला अकोल्याला पाठवले. जाताना गाडी क्लचसाठी रुपरावकडे टाकली आणि मेहुण्याला, म्हणजे मीराबाईचा भाऊ श्रीधर याला, निरोप दिला की तयार झाली की तू रामटेकला ने आणि वापर. श्रीधर वीज मंडळात लाईनमन होता. खांबावर असा चढे की खालचे लोक काम सोडून पाहत. तो भर दुपारी गाडी घेऊन निघाला. कन्हानच्या पुलाअलीकडे इंजिन जाम झाले, मागचे चाक जागीच अडकले आणि तो रस्त्यावर घासत गेला. कमरेचे हाड मोडले. जीव वाचला, पण तो पुन्हा खांबावर चढला नाही. तेव्हापासून मंडळाने त्याला टेबलाच्या कामाला बसवले आहे.

सगळ्यांनी एकच म्हटले: वामनरावाच्या घरच्या पंपाने घात केला. मीही अकोल्याहून धावत येताना तेच समजत होतो.

गाडी रुपरावच्या आवारात आणून टाकली होती. मी स्वतः इंजिन खोलले. आत माझा पंप नव्हता. जुना होता. खात्रीसाठी चुंबक लावला, तो चिकटला नाही. माझा बिडाचा पंप रुपरावच्या फळीवर गोणपाटाखाली सापडला.

मी विचारले, "हा इथं कसा आला?"

रुपराव म्हणाला, "तूच ठेवून गेला होता." आणि तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

तेथे आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हते. मी श्रीधरला इस्पितळात सांगितले. त्याने भिंतीकडे तोंड केले. सासऱ्यांना सांगितले, ते म्हणाले, झाले ते झाले, आता मित्राच्या माथी कशाला मारता? खरे सांगणाऱ्याला स्वतःची बाजू सावरणारा ठरवले की पुढे तो जितके बोलेल तितका खोटा दिसतो. मी हे अकरा वर्षे पाहत आलो. एकदा मीराबाई रडून म्हणाली, "भाऊ म्हणते तुमच्या पंपानं कंबर गेली, तुम्ही म्हणता रुपरावनं. मले दोघाईच्या मधात काहून ठेवता?"

मी इंजिन पुन्हा बांधले, माझा पंप बसवला, आणि एका मे महिन्यात मीराबाईला मागे बसवून भर उन्हात, कुठेही न थांबता, रामटेकला श्रीधरच्या दारात गेलो. गाडी चालू ठेवूनच टाकीचे झाकण काढले आणि हाक मारली, "श्रीधर, फक्त एकदा येऊन पाह्य."

तो बाजेवर पडून होता. म्हणाला, "गाडी बंद करा भाऊजी. आवाजानं डोकं दुखते."

मी बंद केली. मीराबाई आत जाऊन आली, मी दारातच उभा होतो. गाडी तेव्हापासून आजवर एकदाही जाम झालेली नाही. पण न झालेली गोष्ट कोणाला दाखवता येत नाही, हीच माझी अडचण आहे.

सबब ही मोटारसायकल मी श्रीधरला देतो. त्याने ती चालवावी असा आग्रह नाही. भंगारात विकली तरी चालेल.

४. हत्यारे गिरणीतल्या फिटर मंडळींनी वाटून घ्यावीत. काम घट्ट पकडून ठेवायचा मोठा व्हाइस शेजारी महादेवरावांना हवा होता. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकिलांनी सांगितले. त्यांनी व्हाइस सोडला आणि साक्ष धरली. असे शेजारी मिळाले हे माझे भाग्य.

५. रुपरावला काही नाही. हे विसरून राहून गेलेले नाही.

६. तेरवीला जिलेबी करू नये. माझ्या आवडीची नव्हती, पाहुण्यांच्या आवडीची होती.

सह्या होण्यापूर्वी वाढवलेला मजकूर: दुसरे साक्षीदार म्हणून उमरेडचे एक ओळखीचे गृहस्थ यायचे होते, ते आले नाहीत. त्याच वेळी माझ्या आजाराचे कळून रुपराव भेटायला आला. महादेवराव म्हणाले, हे तर चालतील, यांना तुम्ही काही दिलेलेच नाही. मी कागद रुपरावच्या हातात दिला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण मी त्याला सगळा वाचायला लावला. त्याने कलम ३ दोनदा वाचले.

मग म्हणाला, "हे काढ गा."

मी म्हटले, "खोटं असेल तर काढतो."

त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "तुह्या पंपाचा मले भरवसा नव्हता. लेकाचा घरी केलेला पंप, अन् श्रीधर लांब जाणार. मले वाटलं जुना बरा. त्याच्या भल्यासाठीच बदलला मी."

"मग तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"पोराची कंबर मोडली होती, वामन. कोणत्या तोंडानं सांगू?"

मी म्हटले, आता रामटेकला जाऊन सांग. तो म्हणाला, ते माझ्यानं होणार नाही. मला संताप आला. एवढ्या वर्षांनी खरे निघाले तेही या खोलीतच राहणार. पण त्याने खिशातून पेन काढले आणि म्हटले, "कुठं करू सही?" मी म्हटले, सही केलीस तर श्रीधर हे वाचेल आणि खाली तुझे नाव पाहील. तो म्हणाला, "माहीत आहे." त्याची सही कोणाला वाचता येत नाही. म्हणून मी त्याला सहीखाली नाव पुन्हा एकदा सुवाच्य लिहायला सांगितले आहे.

हा मजकूर मी शुद्धीवर, राजीखुशीने लिहिला व दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत केल्या.

सही: वामनराव नत्थूजी हेडाऊ

साक्षीदार:
१. महादेवराव सोनकुसरे, तांडापेठ
२. रुपराव धकाते, सदर
रुपराव धकाते

नागपूर, दिनांक १४ ऑक्टोबर १९७९