दुपारचे ठोकळे

१२ मार्च १९७३, सोमवार
आजही सगळे नग पास. रोजच पास. सकाळी साच्यांची प्रेस तापली की मिस्त्री उदबत्ती लावतात, पहिल्या घाण्याच्या बॅकेलाइट ठोकळ्यांना हळदकुंकू वाहतात, आणि तेच ठोकळे ताटलीतून माझ्या टेस्टिंगच्या खोलीत येतात. मी कुंकू पुसते, वजनं टांगते. मोडत नाहीत. घरातली पहिली बी.एस्सी. ती कुंकू पुसायला?

१३ मार्च
जेवणाच्या सुट्टीनंतर स्वतःच प्रेसवर गेले. ढिगातला ठोकळा आणून वजन टांगलं. निम्म्या वजनालाच मोडला. आणखी दोन, तसेच. आतून फिके, कच्चे. पूजेचा घाणा मिस्त्री सावकाश भाजतात. नंतरच्या घाण्यांना नगावर मजुरी, म्हणून बायका साचा लवकर उघडतात.
पंपाच्या स्टार्टरच्या तारा याच ठोकळ्यावर बसतात; बॅकेलाइटमधून वीज जात नाही. तडकला तर वीज लोखंडी पेटीत, पेटीतून हात लावणाऱ्याच्या अंगात.

१४ मार्च
कारखान्याच्या साहेबांना तुकडे दाखवले. "बाई, त्यावर उभं राहायचंय का कुणाला?" मग जरा गंभीर होऊन म्हणाले, दुष्काळी पंपांच्या ऑर्डरी आहेत, लोक पाण्यावाचून तडफडताहेत, आणि तुम्ही माल अडवणार?
तुकडे उचलून परत आणले. 
प्रेसवरची कौसाबाई आमच्या शेवगावकडचीच. म्हणाली, "तुमचा पगार महिन्याचा हाय बाई. आमी साचा मिटून बसलो तर चुलीवर काय ठिवायचं?" रागाने नाही म्हणाली.

१७ मार्च, शनिवार
माल पास म्हणून मी सही केली नाही. स्टोअरच्या क्लार्कने केली. ट्रक गेला. साहेब नेहमीसारखेच बोलले माझ्याशी. तेच जास्त लागलं.

२५ मार्च, रविवार
धाकटा भाऊ दत्तू गावाहून आला. खुशीत. गावच्या विहिरीवर सरकारी मोटार बसतेय, चालवायला त्यालाच नेमलंय. स्टार्टर कुठला ते विचारलं. त्याने कंपनीचं नाव सांगितलं. त्या कंपनीला ठोकळे आम्हीच देतो. त्याच्या पेटीतला सकाळचा की दुपारचा, कोण सांगणार?
म्हटलं, ओल्या हाताने पेटीला शिवत जाऊ नको.
"आक्के, विहिरीवर कोरडा हात कुठून आणू?"

१ एप्रिल, रविवार. गावी
वायरमनला स्टार्टरची पेटी उघडून दाखव म्हटलं. तो म्हणाला, "सील हाय, ताई. उघडलं तर कंपनी हात वर करती." अर्थिंग, गळलेली वीज जमिनीत नेणारी तार? "तार आली न्हाई अजून. येईल."
सरपंच म्हणाले, "पोरगी कारखान्यात हाय, बटन तिनंच दाबायचं."
मी म्हटलं, तार येईपर्यंत थांबू. बायका कळश्या घेऊन उन्हात उभ्या होत्या, त्यांत आई.  नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या.
कोरडी फळी मागवली, तिच्यावर उभी राहून दाबलं. पाणी आलं. आईने पहिल्या कळशीतलं पाणी माझ्या पायांवर घातलं. फळी भिजली.
संध्याकाळच्या एस.टी.ने नगरला परत. उद्यापासून बटण दत्तू दाबणार.