मांडवाकडे पाहणारा दादा

रविवार, संध्याकाळ. चिखली.

दादा आला होता. नुकताच पोलिसातून निवृत्त झालाय. अर्धी नोकरी एका पुढाऱ्याचा अंगरक्षक म्हणून गेली. जेवणं झाल्यावर टीव्हीवर सिनेमा लावला. जुगाराच्या शहरातला एक थकलेला अंगरक्षक. त्याची आवडती बाई स्टेजवर गाते, आणि हा आपला सगळा वेळ गर्दीकडे बघतो. मी म्हटलं, "किती कोरडा माणूस!"

दादा म्हणाला, "कोरडा नाही वं. तो लोकायचे हात पाहून राह्यला, कोनाजवळ हत्यार हाये का म्हून. तिच्या चेहऱ्यात गुंतला का संपलं."

तेच मनात घोळतंय. माझ्या लग्नाला पुढारी आले म्हणून दादाही आला, पण ड्यूटीवर. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, हा एकटा मांडवातल्या गर्दीकडे. किती वर्षं राग धरला मी! सख्खा भाऊ, आणि बहिणीकडे एकदाही बघू नये?

सिनेमा संपायच्या आतच त्याने लग्नाचा अल्बम मागितला. चष्मा लावून तोच फोटो जवळ धरला. बराच वेळ.

"तू रडून राह्यली होती काय वं?"

हो म्हटलं. कशासाठी, ते नाही सांगितलं.