राखेवाचूनचा साबण

तमाले, ३ मार्च १९९३

ती. अराबामावशीस,
एबोचा सा. न. वि. वि.

न सांगता निघालो, तेव्हा तू रागावलेली असणारच. इकडे उन्हाने डोकं तापतं. गिनी कोंबड्या मात्र अशा पळतात की बघतच बसावं. असो, भरकटलो.

इथे मी तुझा काळा साबण करतो. केळीच्या सालींच्या राखेतून खाराचं पाणी थेंबथेंब गळायचं, मला कुठला धीर? सरळ कॉस्टिक सोडा आणून तेलात ओतला. दुपारी वडी घट्ट. रंग पांढरा आला म्हणून काजळी मिसळली आणि फोसूच्या अराबाचा साबण म्हणून विकला.

काल घरमालकीण हाजिया मेमुनातूने नातवाला बारशाची अंघोळ त्याच साबणाने घातली. बाळाची पाठ लालभडक झाली. नर्स म्हणाली, बरं होईल. साबणावर कुणाचा संशय नाही. हाजियाने माझं ताट रोजच्यासारखं पाठवलं. ते तसंच झाकून ठेवलंय. आणखी उत्तरेला, बोल्गा गावाकडे निघून जाऊ का?

लोभ उरला असेल तर तेवढा ठेव.
एबो

असीन फोसू, ९ मार्च

चि. एबोस अ. आ.

जाऊ का म्हणून विचारतोस? आजवर कधी विचारून गेलास?

तेल आणि खार एकमेकांना खातात, तेव्हा साबण होतो. जास्तीचा खार राहिला की तो कातडी खातो. म्हणून दर कढईचा साबण मुरवते, आधी माझ्या तोंडाला लावते. मावशी दिसायला अशी का, ते कळलं आता? तुला काजळी सुचली, हे नाही सुचलं.

माझं नाव सांगून विकलास, आता माझंच नाव सांगून परत माग. मग हाजियाकडे जा.

रागावले तरी तुझीच,
अराबामावशी

तमाले, १७ मार्च

ती. मावशीस सा. न.

वड्या गोळा केल्या. एक बाई म्हणाली, भांडी झकास निघतात, देत नाही जा. हातापाया पडून तीही आणली.

हाजियाकडे शेजारणी बसल्या होत्या. ती इतके दिवस सगळ्यांना सांगत होती की पाणीच कढत झालं, म्हातारपणी हात चुकला. सून बाळाला तिच्या हाती देईना. मी सर्वांदेखत म्हणालो, हात नाही चुकला, साबण माझा होता. सून म्हणाली, मग इतके दिवस इथलं जेवलास कसा?

मग सुनेनेच बाळ उचलून सासूच्या मांडीवर ठेवलं. हाजियाने त्याच्या अंघोळीच्या घंगाळात कोपर बुडवलं. खात्री होईना, पुन्हा बुडवलं. मग मलाच म्हणाली, एबो, हात घालून बघ रे, फार कढत नाही ना?

मावशी, पाणी गार होतं.

माया असू दे.
तुझा एबो