साईच्या गिटारीचा खोका

मी, साधना धनराज तिडके, राहणार मखमलाबाद, नाशिक, धंदा फुलशेती, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघाड छातीत आहे, डोक्यात नाही. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून गुंडाळलेलेही नाही. वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात जंगम मालमत्तेसाठी दोन ओळींची जागा होती. माझ्या जंगम मालमत्तेत एक खोका आहे आणि तो दोन ओळींत मावत नाही, म्हणून साधे कागद घेतले.

१. राहते घर व त्यामागचा झेंडूचा तुकडा माझ्या पतीच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ही दोन्ही मी शुभांगीला देते. शुभांगी म्हणजे माझा एकुलता एक मुलगा साई याची बायको. साई कंपनीतून मोटारसायकलवर घरी येत होता, तो आलाच नाही. पुढे शुभांगीचे दुसरे लग्न मी उभी राहून लावून दिले. ती आता अमितरावांच्या घरी इगतपुरीला नांदते. कागदोपत्री ती माझी कोणी लागत नाही असे कोणी म्हणेल. खुशाल म्हणावे. मी तिला मुलगी म्हणते आणि ती मला आई म्हणते, एवढे मला पुरते.

२. माझे धाकटे दीर झुंबरभाऊजी यांना फवारणीचा पंप द्यावा. साईच्या दहाव्याला "सुनेला आम्ही कधी अंतर देणार नाही" असे रामकुंडावर सगळ्यांत मोठ्याने तेच ओरडले होते. आणि तिच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा भर बैठकीत "सून काय फुलांची पाटी आहे, परक्याच्या डोक्यावर द्यायला?" असेही तेच बोलले. भाऊजी, ते वाक्य मी विसरलेली नाही. पंप गळतो. तसाच न्यावा.

३. गुलाबाच्या कात्र्या, करंड्या आणि फुलबाजारातली माझी बसायची जागा शेजारच्या मंगलाबाईंना. जागा कोणाच्या नावावर नसते हे मला ठाऊक आहे, पण मी सांगितले म्हटल्यावर तिथे कोणी त्यांना उठवणार नाही. बँकेतल्या ठेवीतून माझे दिवस करावेत, उरेल ते शुभांगीचे.

४. आता खोका. गिटारीचा आवाज मोठा करणारे ते यंत्र आहे, त्याला अँप म्हणतात. दिसायला जुन्या ट्रान्झिस्टरएवढे, वर धरायला मूठ. ते का घेतले हे लिहिल्याशिवाय कोणाला द्यायचे हे लिहिता येणार नाही.

साई गिटार वाजवायचा. नोकरी सांभाळून मित्रांबरोबर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जायचा. त्याच्या दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे समोर पत्र्यावर बसलेले, खाली एकही उतरत नव्हता. साईची इच्छा कशात अडकली म्हणून जो तो हात जोडून काहीतरी कबूल करत होता. कोणी म्हणे आईवडिलांना सांभाळू, कोणी म्हणे तुझी गाडी विकणार नाही. शेवटी मी मागून ओरडले, "साई, तुझी गिटार घरात वाजती राहील रे बाबा!" तेव्हा एक कावळा उतरला.

घरी आल्यावर मी पिशवीतून गिटार काढली आणि तारेला बोट लावले. डास गुणगुणावा एवढाच आवाज आला. शुभांगी म्हणाली, "आई, ही इलेक्ट्रिक आहे. हिला अँप लागतो." मोठा अँप मित्रांचा होता, तो ते घेऊन गेले होते. म्हणजे मी माझ्या लेकराला मुक्या गिटारीचा शब्द दिला होता, आणि हे मला कावळा उडून गेल्यावर कळले.

साईचे वडील म्हणाले, "कावळा शिवला ना? झालं तर मग. आता ते वाद्य काढू नको. मला नाय सहन होणार तो आवाज." त्यांचेही खोटे नव्हते. साईच्या मोबाइलची रिंग वाजली तरी ते उठून शेतात जायचे. पण शब्द मी दिला होता.

शुभांगीला घेऊन मी कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने विचारले, "काकू, नातवासाठी पाहिजे का?" म्हटले, "माझ्यासाठी." त्याने पहिला लावला, त्याच्या आवाजाने दुकानाच्या काचा थरथरल्या. मी म्हटले, अहो, आमच्या घरात माणसे राहतात. दुसरा कमरेला अडकवायचा होता, त्यात डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज. मग तो मोबाइलला कसा जोडायचा, किती तऱ्हेचे आवाज निघतात, असे सांगत बसला. मला तीनच गोष्टी पाहिजे होत्या. लाइट गेली तरी चालला पाहिजे. मला एका हाताने उचलता आला पाहिजे. आणि बाहेर आवाज न येता वाजवता आला पाहिजे. त्याने हा खोका काढला. बॅटरीवर चालतो, आणि हेडफोनची वायर लावली की आवाज फक्त वाजवणाऱ्याच्या कानात जातो.

शुभांगीने स्टुलावर बसून जाड तार छेडली. साईने तिला एक चाल शिकवली होती, तिची सुरुवात वाजवली. तो आमच्या घरातला आवाज होता. संध्याकाळी मी चहा ठेवायचे तेव्हा आतल्या खोलीतून यायचा, अगदी तो. शुभांगी म्हणाली, "आई, हाच." मी दुकानात सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

ती चाल मला शुभांगीने शिकवली. काट्यांनी बोटे आधीच निबर झाली होती, त्यामुळे तारा फार लागल्या नाहीत. बाजारातून आले की हेडफोन लावून बसायचे. पण मनाला एक टोचणी होती. मी म्हणाले होते घरात वाजती राहील, आणि वाजत होती फक्त माझ्या कानात. हे साईला चालत असेल का, कोणाला विचारणार?

शुभांगी इगतपुरीला गेली, आणि साईच्या वडिलांनी अंथरूण धरले. आता त्यांना उठून शेतात जाता येत नव्हते. मी कोपऱ्यात हेडफोन लावून वाजवत होते, ते बघत होते. एकदम म्हणाले, "काढ ती वायर." मी म्हटले, तुम्हाला त्रास होईल. तर ओरडले, "काढ म्हणतो ना! पोरगं काय तुझ्या एकटीचं होतं का?"

मी वायर काढली आणि वाजवले, अडखळत. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "इथं थांबायचा नाय तो. सरळ पुढं जायचा." मी पुढे गेले. "आता हळू," म्हणाले. ज्यांना आवाज सहन होत नव्हता, त्या माणसाला सगळे पाठ होते. नंतर ते असेपर्यंत मी वायर लावली नाही. त्यांच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. मला खरे तर रागच आला. म्हटले, तुम्ही बरे मोकळे झालात.

५. गिटार, खोका आणि हेडफोनची वायर, तिन्ही शुभांगीला. खोका अधूनमधून चार्जिंगला लावावा, नाहीतर बॅटरी मरते. मरण्याचे या घरात आता पुरे झाले. अमितराव भला माणूस आहे, ते हरकत घेणार नाहीत. पण शुभांगीने वाजवलेच पाहिजे असे मी बांधून घालत नाही. शब्द माझा होता, तो माझ्याबरोबर संपेल. मोठ्याने वाजवायचे, वायर लावून वाजवायचे, की फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे, हे बाळा तुझे तू ठरव. तुझा संसार आहे.

६. माझा दहावा रामकुंडावर करावा. कावळा शिवला तर उत्तम. नाही शिवला तर कोणीही हात जोडून काही कबूल करू नये, झुंबरभाऊजींनी तर मुळीच नाही. शुभांगी, तूही नको. माझी इच्छा काय आहे हे तुला माहीत आहे. ती पुरी करणे तुमच्या कोणाच्या हातात नाही. थोडा वेळ वाट बघा, मग गुरुजींना दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायला सांगा, आणि उन्हात न थांबता सगळे घरी जाऊन जेवून घ्या.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

सही : साधना धनराज तिडके

साक्षीदार
१. मंगलाबाई रामदास काकड, मखमलाबाद (अंगठा नको, सही करते असे त्यांनी बजावून सांगितले.)
२. डॉ. तृप्ती विलास गायखे, मखमलाबाद

स्थळ : नाशिक
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५