आगाऊ टायमिंग

३ डिसेंबर
डायरी, माफ कर. दिवाळीनंतर थेट आज उघडतोय. चष्मा सापडत नव्हता. म्हणजे सापडला होता, पुसायचा राहिला होता.
स्वप्नीलराव जावई गाडी आपल्या दारात ठेवून ट्रेनिंगला गेले, रविवारी तिकडून थेट धुळ्याला येणार. जुनी पेट्रोल गाडी, पण तिला त्यांनी स्वतः इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवलाय. रविवारी याच गाडीनं आमच्या सौ.ला, सुंदरबाईला, धुळ्याला न्यायचंय. लेकीचं, भूमिकाचं डोहाळजेवण. पहिली ओटी आईची. वेळेवर पोचवायची जबाबदारी माझी.
जावई म्हणाले, मामा, टर्बोचा बूस्ट आला की इंजिनात दाब वाढतो, तेव्हा टायमिंग रिटायर करावं लागतं, ठिणगी जरा उशिरा पाडायची. मी सेट केलंय. हात लावू नका, हळू आणा.

४ डिसेंबर
मेहरूण तलावापर्यंत फिरून आलो. डोक्यात तेच. जोर लावायच्या वेळी रिटायर? मलाही एसटी डेपोनं असंच ऐन जोरात रिटायर केलं. ठिणगी लवकर पडली तर गाडी लवकर पोचणार, साधा हिशोब. इंजिनातलं मला कळतं. मी टायर सेक्शनला होतो, पण इंजिन सेक्शन समोरच होतं.
निश्चय: हात लावायचा नाही. फक्त बॉनेट उघडून पाहायचं.

५ डिसेंबर, दुपारी
फक्त पाहिलं. ठिणगी वाटणाऱ्या डब्यावर, डिस्ट्रिब्युटरवर, जावयांनी पांढरी खूण केलीय. खात्री असती तर खूण कशाला केली असती?
सुंदरबाई दारातून म्हणाली, गाडी चांगली शे ना, मंग कसाले उकरतस? तुमना हात लागना का चालती वस्तू बी बठी जास.
बीपीची गोळी घेतली.

६ डिसेंबर
बोल्ट ढिला करून डबा केसभर फिरवला. चार-पाच केस म्हणू. दारात उभ्या उभ्या इंजिन काय फुललं! शेजारचे कौतिकभाऊ म्हणाले, आवाज वाढला. मी म्हणालो, जोर वाढला. ते म्हणाले, नाना, डिझेलच्या बसला तर ठिणगीच नसते, तुम्ही हे शिकले कुठे?
त्यांच्याशी बोलणं बंद.
निश्चय: जावयांना आत्ता सांगायचं नाही. उद्या सगळ्या पाहुण्यांसमोर सांगायचं.

७ डिसेंबर, सकाळी, एरंडोल
चहाला थांबलो. गाडी पाखरू. चाळीसच्या वर नेलीच नाही, तरी पाखरू. सुंदरबाई मांडीवर ओटीची पिशवी घेऊन गप्प. म्हणजे खूश.

त्याच दिवशी, पारोळ्याच्या पुढे, रस्त्याच्या कडेला
केळीचा ट्रक पुढे होता. ओव्हरटेक करायला पाय दाबला. बूस्ट आला. टिणटिण सुरू झाली. सुंदरबाई म्हणाली, हाई काय वाजस? मी म्हणालो, तुझ्या पिशवीतल्या हिरव्या बांगड्या. तिनं बांगड्या मुठीत घट्ट धरल्या. तरी वाजतच राहिलं. मग एक ठोका, निळा धूर, आणि शांतता.
जावयांना फोन लावला. ते म्हणाले, रिटार्ड, मामा, रिटार्ड! म्हणजे मागे सारणं. दाबात ठिणगी आगाऊ पडली की पिस्टनला भोक पडतं. खुणेला हात लावला का? मी म्हणालो, रेंज जातेय.
तोवर सुंदरबाईनं हात करून एसटी थांबवली होती. पायरीवरून म्हणाली, ठिणगी नही, तुम्हीच आगाऊ शेतस. बस गेली. बसचे टायर मात्र चांगले दिसले.

सायंकाळी, तिथेच
टोचन करून न्यायला ट्रॅक्टर येतोय म्हणे. फोन कोणी उचलत नाही. सुंदरबाई, ओटी वेळेवर भरली का? भूमिकानं विचारलं का, नाना कुठे? जे असेल ते लवकर कळव गं. आणि जावयांना सांग, चारही टायर शाबूत आहेत. मी स्वतः पाहिलेत.