गाडीचं डोकं गेलं अन् सुनी राहिली

१० मे, शनिवार
आधी आली ती शेजारची शकिलाभाभी. लेक-जावई मागून. डोक्यावरचा पदर धरून पळत आली अन् दारातूनच, "आक्का, तुमची सुनी चौकात उभीय! लोकं गाडी ढकलून राहिलेत!" मी भाकरीच्या पिठाच्या हातानं तशीच निघाले. खरंच की. पांढरी गाडी चौकाच्या मधी, जावईबापू घामाघूम, सुनी हातात बाटली घेऊन, अन् माझी नात मनू फोनवर त्याचंच शूटिंग करून राहिली.
नांदेडहून सोलापूरला लग्नाला चालले होते. औशात माझ्याकडं नुस्ता चहा. मुक्काम न्हाईच. ही गाडी घेतली तवापासनं मुक्काम गेला. आधी एसटीनं यायची तर आठ-आठ दिस राहायची पोरगी. आता दुपारी येतेत, ऊन उतरलं की जातेत. सुनी खांद्यावरची पर्ससुद्धा काढत न्हाई.
लातूर सोडलं तवाच झटके द्यायला लागली म्हणे. मंग एकाच गिअरात अडकली. पुढं चौकात येऊन बसलीच. थंड झाल्यावर रांगत रांगत दारापर्यंत आली.
लोकाचं लग्न हुकलं अन् मला आनंद. महादेवा, माफ कर. हुग्गीच्या खिरीला गहू भिजत घातलेत.

११ मे, रविवार
सुनीच्या बॅगेत सगळ्या जरीच्या साड्या. म्हणून माझी निळी सुती नेसली. सकाळी अंगणात पाठमोरी उभी होती, शकिलाभाभीनं तिलाच "आक्का" म्हणून हाक मारली. लई हसलो.
बाबूमिस्त्री आला. गाडीला फोनएवढं यंत्र लावलं. काम थोडं, बोलणं लई. "मावशी, गिअरबॉक्स ठणठणीत हाय. त्याला हुकूम देणारं छोटं कंप्युटर असतंय, डोकंच म्हणा. ते गेलंय. डोकं बदलायचं."
जावईबापू (लिहायला लांब पडतं, पुढं जा.बा. लिहिते. चौथीपर्यंतच शिकले मी) म्हणले, "किती वेळ?"
"उद्या संध्याकाळी गाडी पळती. माझी जबान हाय, साहेब."
उद्या संध्याकाळी! चहात साखर घालायचीच इसरले. जा.बा. तसाच प्याले. जावयाचं असंच असतंय, चांगलं म्हणत न्हाईत अन् वाईटबी. हुग्गी मात्र दोनदा घेतली.

१२ मे, सोमवार
मिस्त्रीनं लातूरच्या जुन्या बाजारातनं डोकं आणलं. अशाच एका गाडीचं, ती कुठं तरी ठोकली होती. बसवलं. आधी गाडी रांगत तरी होती, आता जागची हलंना.
जा.बा. तापले. "काय झालं आता?"
मिस्त्री खाली बघून, "साहेब, हे डोकं त्याच्या जुन्या गाडीलाच वळखतंय. आपल्या गाडीला परकं समजून राहिलंय."
"हे बसवायच्या आधी माहीत नव्हतं तुला?"
"होतं थोडं. वाटलं, जमून जाईल."
शकिलाभाभी पदरात तोंड घालून हसली. नवंच मागवावं लागणार. ते नांदेडला येणार, मंग लातूरचा लॅपटॉपवाला येऊन त्याची ह्या गाडीशी वळख करून देणार. म्हंजे तवर कुणी जात न्हाई!
गाडी ओढून शेडात नेताना मिस्त्रीला धपाटे अन् शेंगादाण्याची चटणी बांधून दिली. सुनी कमरेवर हात ठेवून बघत होती. "आई, त्यानं गाडी अजून बिघडवली अन् तू त्याला धपाटे देतीस?"
म्हणलं, भुकेला असंल बिचारा.

१३ मे
कूलर बिघडला. लाईट गेली. मनू "बोअर" म्हणून लोळली. मंग लाईट आली. मनूनं माझ्या डोक्याला तेल लावलं, केसं किती पांढरे म्हणून ओरडली. बाकी काही न्हाई. चांगला दिवस.

१४ मे, बुधवार
सकाळी फोन. डोकं नांदेडला आलं. जा.बा. एसटीनं जाऊन आणणार.
पायात बूट घालता घालता म्हणले, "सुनीता, तूबी चल. घर तसंच पडलंय. गाडी झाली की मी येऊन घेऊन जाईन."
मी मोरीत भांडी घासत होते. नळ बंद केला, ऐकू यावं म्हणून. सुनीचा आवाजच येईना. मला वाटलं, गेली. पिशवी भरायला गेली.
मंग म्हणली, "मी न्हाई येत. हितं गाडीपाशी कुणी तरी नको का?"
जा.बा. बघतच राहिले. गाडी कुठं, तर गावाच्या टोकाला मिस्त्रीच्या शेडात! मनूनं तोंडावर उशी घेतली. जा.बा. "बरं" म्हणले अन् निघाले. मी नळ परत सोडला.
दिवसभर गाडीपाशी कोण बसलं ते महादेवालाच माहीत. आम्ही दोघी वर माळवदावर कुरडया घालत होतो. सुनीला अजून जमत न्हाई, वेडीवाकडी पडती. सांगत होती, नांदेडला फ्लॅटाचं दार लावलं की दिवसभर वाजत न्हाई. वाजलं तर पार्सलवाला. "हितं आले की मला झोप लागती आई," म्हणली.
मंग येत का न्हाईस, असं ओठावर आलतं. पण तिचे हात चिकानं भरलेले, अन् चेहरा कसा मोकळा. उगी कशाला...

१५ मे
जा.बा. आले. डोकं एवढुसं, डब्यात. मी समजत होते मोठं काही तरी असंल. येताना नांदेडहून माझ्यासाठी पेढे. सासूसाठी पहिल्यांदाच. का आणले असतील? सुनीला विचारलं, ती म्हणली, "मला काय माहीत, तूच विचार." मी कशी विचारू!

१६ मे, शुक्रवार
लई लिहायचंय आज.
लॅपटॉपवाला आला. गाडीच्या बॅटरीला दुसऱ्या बॅटरीची तार लावून बसला. "मधी करंट कमी पडला तर सगळं बिघडंल, कुणी दाराला हात लावू नका." मनूला लांब उभं केलं. मिस्त्री त्याच्या मागं उभं राहून असा मान हलवत होता की जसं सगळं ह्यालाच येतंय. झालं एकदाचं. गाडी सुरू.
मिस्त्री म्हणला, "नवं डोकं हाय. गिअर कवा बदलायचा ते चालून चालून शिकंल. थोडं गावात, थोडं मोकळ्या रस्त्यावर फिरवा. पाय हलका ठेवा."
जा.बा. नं शेडाभोवती फिरवली. खाडकन झटका.
"साहेब, तुमचा पाय लई रागीट हाय. ताईला चालवू द्या."
सुनी गाडी चालवती! मला ठावकच नव्हतं. चालवती, अन् चांगली चालवती. मनू पळत जाऊन पुढं बसली. म्हंजे मागं मी अन् जा.बा. जावयाशेजारी जन्मात बसले न्हाई. पदर कपाळापर्यंत ओढून माझ्या दाराला चिकटले, ते त्यांच्या दाराला चिकटले. मधी आख्खी शकिलाभाभी मावली असती.
सुनीनं आरशातनं विचारलं, "आई, कुठं जायचं?"
मला काय सुचंना. असं कधी कुणी विचारलंच न्हाई. दवाखाना, बाजार, मयत, असं कायतरी ठरलेलंच असतं.
तीच म्हणली, "किल्लारीला जाऊ. तुझं माहेर दाखव."
नवं किल्लारी न्हाई, भूकंपाआधीचं. तिथं आता काय. वेड्या बाभळी, दगडं, शेळ्या. मी उतरून पुढं गेले, हात करून सांगायला लागले, हितं आमची चौकट, हितं रांजण. मंग वाटलं, न्हाई, त्या लिंबापाशी. मंग लिंबबी नवाच वाटला. कळंना. आमचं घर कुठं होतं तेच कळंना मला.
मनू म्हणली, "आज्जी, तू राहायला यायचीस का इथं?"
"यायचे की. तुझी आई हितंच झाली. सव्वा महिना होते मी. आई माझी भांड्याला हात लावू द्यायची न्हाई."
सुनी उन्हात उभी होती, मंग माझ्या डोक्यावर स्वतःचा पदर धरला. "आई, आपण पुन्हा येऊ, नीट शोधू," म्हणली. मी म्हणलं, कशाला, शेळ्यांना त्रास. पण ती हसली न्हाई. जा.बा. नं गाडीतनं पाण्याची बाटली आणून स्वतः माझ्या हातात दिली. "मामी, सावलीत बसा." 
येताना गाडी अशी आली, जशी लोण्यावरनं. गिअर कवा बदलला कळतबी नव्हतं. मिस्त्रीची जबान एकदाची खरी झाली. मला आपलं वाटत होतं, एक तरी झटका द्यावा. एकच.
दिला न्हाई.

१७ मे, शनिवार
मी म्हणलं, शनिवारी लेक पाठवत न्हाईत.
सुनी म्हणली, "आई, काल शुक्रवारचंबी काहीतरी काढलं होतंस."
जा.बा. हळूच, "मामी, सोमवारी ड्यूटी हाय."
मंग काय. ओटी भरली. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, खण. वाकड्या कुरडया डब्यात तिच्या तिला दिल्या, मनू म्हणली ह्या मम्मीच्याच, वळखू येतात. सुनी परत येतानाच्याच जरीच्या साडीत, बॅगेतल्या दुसरीची घडी मोडायलाच तयार न्हाई. निळी साडी धुवून दोरीवर टाकली होती, मी म्हणलं घेऊन जा. "राहू दे हितं," म्हणली. 
गाडी सुनीच्याच हातात दिली जा.बा. नं. लातूरपर्यंत तूच चालव म्हणले. शकिलाभाभी अन् मी दारात. सुनी काचेतनं बोलली, "नागपंचमीला येतो आई." मी म्हणलं, पंचमीला सगळ्याच लेकी येतेत, नक्की सांग. तवा जा.बा.च म्हणले, "आदल्या दिवशी येतो, मामी. सोमवारी."
मुक्कामाला ना, असं मी विचारणार होते. तवर काच वर गेली.
आता मनूनं फोनात बघून सांगितलेली तारीख लिहून ठेवते. २८ जुलै, सोमवार. येतो म्हणलेत.